डोप केलेल्या बेरियम टायटनेटची फेज कधी बदलेल, हे संगणक आधी सांगू शकतो का?

तुम्ही विचारलंय, बेरियम टायटनेटमध्ये दुसरं मूलद्रव्य थोडं घातलं (म्हणजे डोप केलं) तर फेज, म्हणजे स्फटिकातली अणूंची मांडणी, किती तापमानाला बदलेल, हे पेलेट (पावडर दाबून केलेली टिकली) भाजण्याआधी संगणकावर काढता येतं का. एमएस्सीचा प्रोजेक्ट आहे म्हणताय, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी बेळगावात फिजिक्स शिकवतो, मूळचा खानापूरचा. आमच्याकडे कुंभाराची भट्टी विझली तरी लगेच उघडत नाहीत. मातीच्या वाळूतला क्वार्ट्झ ५७३ अंशांना फेज बदलतो आणि घाई केली की भांडं तडकतं. बेरियम टायटनेटसारखा क्वार्ट्झही पिझोइलेक्ट्रिकच (दाबला की वीज देणारा), हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं आणि तेव्हापासून हा विषय सुटला नाही.

तर, तापमान चढेल की उतरेल आणि का, हे संगणक चांगलं सांगतो. नेमका आकडा मोजावाच लागतो.

शुद्ध बेरियम टायटनेट थंड होताना १२० अंश सेल्सियसच्या आसपास क्युबिकचं (घनाकृती मांडणीचं) टेट्रागोनल (एका दिशेने किंचित ताणलेलं) होतं. बेरियमच्या जागी स्ट्रॉन्शियम घातलं की हे तापमान दर टक्क्याला साधारण ३ अंशांनी उतरतं. ३० टक्क्यांना ते जवळपास खोलीच्या तापमानावर येतं. कारण म्हणून सांगतात की स्ट्रॉन्शियमचा आयन लहान, जाळी (स्फटिकातली अणूंची चौकट) आवळते, टायटॅनियमला सरकायला जागा उरत नाही. पटतं. पण शिसं घालून बघा. त्याचाही आयन बेरियमपेक्षा लहान (१.४९ अँगस्ट्रॉम, बेरियमचा १.६१), तरी तापमान चढतं. नुसत्या लेड टायटनेटचं तर ४९० अंशांच्या घरात आहे! त्रिज्येच्या हिशोबात हे बसत नाही. १९९२ मध्ये रोनाल्ड कोहेन यांनी डीएफटीने (इलेक्ट्रॉनांच्या घनतेवरून पदार्थाची ऊर्जा काढायची गणिती पद्धत) दाखवलं की शिशाचे इलेक्ट्रॉन ऑक्सिजनशी बंध धरतात, बेरियम मात्र जवळजवळ निव्वळ आयन राहतो. माझ्या मते संगणकाचं खरं मोल इथे आहे.

आता आकड्याचं. झोंग, वँडरबिल्ट आणि राबे यांनी १९९४ मध्ये पहिल्या तत्त्वांपासून (प्रयोगातले आकडे न घेता, क्वांटम नियमांवरून) बेरियम टायटनेटच्या सगळ्या फेजेसचा क्रम बरोबर काढला. क्युबिक-टेट्रागोनलचं तापमान मात्र सुमारे ३०० केल्विन आलं, प्रयोगात ते ४०० केल्विनजवळ आहे. एलडीए (डीएफटीतलं एक सोपं अंदाजी सूत्र) जाळी थोडी लहान धरतं आणि हा पदार्थ आकारमानाला फार हळवा आहे. म्हणून आधी शुद्ध पदार्थाचं गणित करा, मग डोप केलेल्याचं, आणि फक्त दोन्हींतला फरक वापरा.

सुपरसेलकडेही (गणितासाठी स्फटिकाचे एकक जोडून केलेला मोठा ठोकळा) लक्ष द्या. २×२×२ मध्ये बेरियमच्या ८ जागा असतात, एक बदलली की झाले १२.५ टक्के. तुम्हाला २ टक्के हवे असतील तर सेल बराच मोठा लागेल. टायटॅनियमच्या जागी लोह घालणार असाल तर ऑक्सिजनची रिकामी जागाही गणितात धरा, नाहीतर विद्युतभाराचा हिशोब जुळणार नाही.

माझीच चूक सांगतो. फेज बदलते त्या तापमानाला डायइलेक्ट्रिक स्थिरांकाच्या आलेखात शिखर येतं; १० टक्के स्ट्रॉन्शियमच्या पेलेटचं ते ८५ ते ९० अंशांत येईल असा अंदाज होता. एलसीआर मीटरवर (कपॅसिटन्स मोजणारं उपकरण) आलेख पसरट निघाला, त्याला दोन उंचवटे, एक ११० च्याही पुढे. आठवडाभर मी गणितातच चूक शोधत बसलो. खरं तर पावडर खलात नीट घोटली नव्हती. काही कणांत स्ट्रॉन्शियम जास्त, काहींत जवळजवळ नाहीच, आणि गणितात मात्र ते सगळीकडे सारखं. पुन्हा दळून, दोनदा कॅल्साइन करून (पावडर भट्टीत तापवून) पेलेट केली तेव्हा एकच शिखर आलं, ८८ अंशांना.

मोजताना तापवतानाचे आणि थंड करतानाचे आकडे वेगळे लिहा. हा बदल पहिल्या क्रमाचा, म्हणजे हळूहळू नव्हे तर एकदम उडी मारून होणारा आहे, दोन्हींत काही अंशांचा फरक पडतोच, आणि गणिताशी ताडताना कोणता आकडा घेतला ते रिपोर्टमध्ये नोंदवा.