कायदा विचारा : आकाशात दिसलं ते सांगायचं कुणाला?

प्रश्न : वकीलबाई, नमस्कार. आमचं गाव खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या बाजूला. मुलगा केंद्र सरकारच्या एका खात्यात तांत्रिक कामावर आहे, साधा नागरी कर्मचारी, बदली परप्रांतात. खात्याचं नाव लिहीत नाही. रात्रपाळीला यंत्राच्या पडद्यावर त्याला आणि जोडीदाराला काहीतरी फार वेगाने सरकताना दिसलं. विमान नव्हतं म्हणतो. दोघांनी वहीत नोंद केली. पुढच्या पाळीला गेला तर पान नवीन, अक्षर दुसऱ्याचं, नोंद गायब. विचारलं तर "तुला काय करायचंय?" जुन्या पानाचा फोटो त्याच्या मोबाइलवर आहे आणि तो एका यूट्यूबवाल्याला द्यायचा म्हणतो. अमेरिकेत असं सांगणाऱ्याला कायदा सांभाळतो, हा त्याचा हेका. त्याची आई "जाऊ दे की रे, नोकरी हाय" म्हणून रोज फोनवर रडते. खरंच असा कायदा आहे का? आपल्याकडे काय आहे?
– एक बाप, खानापूर तालुका

उत्तर : आधी आजचं काम. फोटो कुणालाही पाठवायचा नाही, हे मुलाला फोन करून सांगा. तुम्हीही तो व्हॉट्सॲपवर मागवू नका. १९२३ चा शासकीय गुपिते कायदा अजून जिवंत आहे. त्याच्या कलम ५ मध्ये देणारा अडकतो तसा जाणूनबुजून घेणाराही अडकतो, आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंत आहे. शिवाय १९६४ च्या केंद्रीय आचरण नियमांतला अकरावा नियम परवानगीशिवाय कार्यालयीन माहिती बाहेर द्यायला मनाई करतो. ते पान गुपित होतं की नव्हतं हा वाद कोर्टात वर्षानुवर्षं चालेल, आणि तोवर पोरगा निलंबित असेल. फोटोचं पुढे काय करायचं ते तो जिथे नोकरी करतो तिथल्या वकिलाला समक्ष भेटून ठरवू दे.

आता अमेरिका. तिथलं उदाहरण तुमच्या मुलाने अर्धंच ऐकलंय असं मला वाटतं. डेव्हिड ग्रुश हे तिथल्या हवाई दलाचे माजी गुप्तवार्ता अधिकारी. २६ जुलै २०२३ रोजी त्यांनी अमेरिकी संसदेच्या उपसमितीपुढे शपथेवर सांगितलं की, अज्ञात यानांचे अवशेष मिळवण्याचा कार्यक्रम सरकारने संसदेपासून लपवून चालवला आहे. जगभर बातमी झाली ती या दिवसाची. पण त्याआधीच, २०२२ मध्ये, त्यांनी गुप्तवार्ता विभागांच्या महानिरीक्षकाकडे, म्हणजे त्या विभागांविरुद्धच्या तक्रारी तपासणाऱ्या अधिकाऱ्याकडे, रीतसर तक्रार दिली होती आणि आपल्याला त्रास दिला गेल्याचंही त्यात मांडलं होतं. वृत्तपत्रांशी बोलण्याआधी काय बोलणार ते संरक्षण खात्याकडून तपासून घेतलं. सुनावणीतही काही प्रश्नांना "हे उघड बोलता येणार नाही, बंद खोलीत सांगतो" असंच उत्तर दिलं. स्वतः यान पाहिल्याचा त्यांचा दावा नव्हता. ज्यांना माहिती होती त्यांच्याकडून ऐकलेलं ते सांगत होते. संरक्षण खात्याने सगळं नाकारलं, आणि अशा अज्ञात वस्तूंची तपासणी करणाऱ्या त्या खात्याच्या आरो या कार्यालयाने मार्च २०२४ च्या अहवालात परग्रहावरच्या तंत्रज्ञानाचा पुरावा मिळाला नाही असं लिहिलं.

तरीही कायद्याच्या दृष्टीने त्यांची वाट बरोबर होती, आणि मला तुमच्या मुलाला हीच गोष्ट दाखवायची आहे. तिथलं संरक्षण तुम्ही काय पाहिलं यावर नाही, कुणाला सांगितलं यावर मिळतं. जागल्यांच्या, म्हणजे आतला गैरव्यवहार उघड करणाऱ्यांच्या, संरक्षणाचा १९८९ चा सर्वसाधारण कायदा गुप्तवार्ता खात्यांना लागू होत नाही. त्यांच्यासाठी १९९८ मध्ये महानिरीक्षकामार्फत संसदेच्या समितीपर्यंत जायची वाट ठरवली, आणि २०१२ मध्ये ओबामांच्या आदेशाने सूड म्हणून गोपनीय कामाची परवानगी काढून घ्यायलाही बंदी आली. आकाशातल्या अज्ञात गोष्टींची खास तरतूद डिसेंबर २०२२ च्या संरक्षण खर्चाच्या कायद्यात आली. गुप्ततेचा करार केलेला असला तरी ठरलेल्या कार्यालयाला माहिती दिली तर करार मोडला असं धरायचं नाही, आणि सांगणाऱ्यावर सूड उगवायचा नाही. यूट्यूबवाल्याला सांगणाऱ्याला तिथेही यातलं काही मिळत नाही.

आपल्याकडे? इथे मला राग येतो आणि तो मी लपवत नाही. सत्येंद्र दुबे हे आयआयटीत शिकलेले तरुण अभियंता. महामार्गाच्या कामातला गैरव्यवहार त्यांनी पंतप्रधान कार्यालयाला पत्राने कळवला आणि नाव गुप्त ठेवायची विनंती केली. पत्र नावासकट या टेबलावरून त्या टेबलावर फिरलं. २७ नोव्हेंबर २००३ रोजी गयेत त्यांना गोळ्या घातल्या. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाच्या रेट्याने एप्रिल २००४ मध्ये, तक्रारदाराचं नाव गुप्त ठेवून तक्रार घेण्याचा सरकारचा ठराव आला. पुढे दहा वर्षांनी जागल्यांच्या संरक्षणाचा कायदा संसदेने केला, ९ मे २०१४ ला राष्ट्रपतींची सही झाली, आणि तो लागू करायची अधिसूचनाच काढली नाही. २०१५ मध्ये त्याला आणखी पातळ करणारं विधेयक लोकसभेत मंजूर झालं, ते २०१९ मध्ये बारगळलं. म्हणजे सही झालेला कायदा फायलीत पडलाय आणि माणसं आजही २००४ च्या ठरावावर चाललीत. ज्यांनी तो अडवून ठेवला त्यांना प्रत्येक निवडणुकीत हा प्रश्न विचारायला हवा.

पण ठरावही फेकून द्यायचा नाही. तो भ्रष्टाचार आणि पदाच्या गैरवापरासाठी आहे. "विचित्र वस्तू दिसली" एवढ्यावर त्यात दाद नाही. म्हणून मुलाला सांगा, काय दिसलं हा प्रश्न तूर्त बाजूला ठेव. पान का बदललं, ते धर. पडद्यावरची खूण यंत्रातला दोषही असू शकते. देखभालीचं बिल दिलं, देखभाल झालीच नाही, आणि नोंद राहिली तर ते उघड होईल, म्हणून पान फाडलं असेल तर? तसा आधार हाती असला तर तो सरळ भ्रष्टाचाराचा विषय आहे. नसेल तर वरिष्ठाला दोन ओळींचं लेखी विचारावं : अमुक तारखेची माझी नोंद दिसत नाही, कृपया खुलासा व्हावा. पोच घ्यावी.

ठरावाखाली तक्रार केंद्रीय दक्षता आयोगाच्या सचिवांना जाते, पत्ता सतर्कता भवन, आयएनए, नवी दिल्ली ११००२३. बंद पाकीट, त्यावर ठळक "पीआयडीपीआय" (या ठरावाचं इंग्रजी लघुरूप). पाकिटावर पाठवणाऱ्याचं नाव लिहायचं नाही. पोस्टाला तशा सूचना आहेत, खिडकीवर कुणी अडलं तर नम्रपणे सांगावं. आत मात्र खरं नाव आणि पत्ता हवाच, निनावी घेत नाहीत. ई-मेल नको. मजकूर तपासता येईल इतका नेमका, पण वाचून "हा तर रात्रपाळीचा अमुक" असं कळू नये असा. दोघांनीच पाहिलेली गोष्ट "आम्ही दोघांनी पाहिली" म्हणून लिहिली की नाव गुप्त ठेवून उपयोग काय?

सीमाभागातल्या आपल्या लोकांसाठी इथेच एक सांगते. घटनेच्या कलम ३५० प्रमाणे केंद्राच्या कुठल्याही अधिकाऱ्याकडे गाऱ्हाणं मराठीत मांडायचा तुम्हाला हक्क आहे. कन्नड किंवा इंग्रजी येत नाही म्हणून कोर्टाबाहेरच्या टायपिंगवाल्यापुढे कागद ठेवायची गरज नाही. त्या बाकड्याशी चहा पिणारे दहा जण असतात आणि संध्याकाळपर्यंत गावाला कळतं. हाताने, स्वच्छ अक्षरात लिहा. गावच्या पोस्टातून टाकू नका, मोठ्या शहरातून टाका.

तक्रारीमुळे बदली किंवा छळ झाला तर आयोगाकडेच दाद मागता येते. नागरी कर्मचाऱ्याला केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणही आहे. फौजेतल्यांचं वेगळं. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आणि सांबऱ्याचं हवाई दलाचं प्रशिक्षण केंद्र असलेल्या आपल्या बेळगाव जिल्ह्यात अशी घरं पुष्कळ आहेत, म्हणून लिहिते : गणवेशातल्याने परवानगीशिवाय वृत्तपत्राशी बोलायचंच नाही. वरिष्ठाविरुद्ध त्याच्या वरच्या अधिकाऱ्याकडे जायचा हक्क मात्र १९५० च्या सेना कायद्यांतच दिलेला आहे.

आईंना माझा निरोप द्या. मुलाला गप्प बस म्हणू नका. त्याने वहीत खरं लिहिलं, ते त्याचं कामच होतं.

प्रश्न : संध्याकाळी शेतातून येताना एका ओळीत चालणारे दिवे दिसले. पोलिसांत सांगावं का? सांगितलं तर चौकशी माझ्याच मागे लागेल का?
– शिक्षिका, चिकोडी

उत्तर : ओळीत, सारख्या अंतराने, आवाज न करता गेले असतील तर ते बहुतेक स्टारलिंकचे उपग्रह. २०१९ पासून ते सोडले जाताहेत आणि सोडल्यावर काही दिवस सूर्यास्तानंतर असेच दिसतात. लडाखमध्ये जवानांनी महिनोन्‌महिने नोंदवलेल्या वस्तू २०१३ मध्ये खगोलशास्त्रज्ञांनी तपासल्या तेव्हा गुरू आणि शुक्र निघाले. उलट नोव्हेंबर २०२३ मध्ये इंफाळ विमानतळावर वस्तू दिसल्याची खबर आली तेव्हा उड्डाणं थांबवली आणि हवाई दलानेही दखल घेतली. त्यामुळे खबर देण्यात गैर काही नाही. खाली, घरघर करत, विमानतळाच्या दिशेने काही फिरत असेल तर ड्रोन समजा आणि ११२ ला कळवा. वेळ, दिशा आणि तुम्ही कुठे उभ्या होता एवढंच सांगायचं. साक्षीदाराने दिसलं तेवढं सांगितलं म्हणून तो आरोपी होत नाही.