माईंना विचारा : पाया पडावं, आणि हिशेबही विचारावा

माई, मी सातपूरला राहते. यजमान कंपनीत फिटर आहेत. चार वर्षांपासून ते एका महाराजांच्या सत्संगाला जातात. त्यांची दारू तिथंच सुटली, हे मी देवाशपथ मान्य करते. पण गेल्या गुरुपौर्णिमेला मठाच्या सभामंडपासाठी त्यांनी माझ्या आईनं दिलेल्या पाटल्या देऊन टाकल्या. मला विचारलंसुद्धा नाही. मी पावती मागितली तर मठातले एक काका म्हणाले, गुरूकडे पावती मागत नसतात, शंका आली की साधना बुडाली. मुलगा दहावीला आहे. तो बापाच्या तोंडावर ‘हे सगळं ढोंग आहे’ म्हणतो. घरात दोन तट पडलेत. महाराजांना मान द्यावा की नाही, मला कळेनासं झालंय. — एक बहीण, सातपूर

ताई, पाटल्या गेल्याचं दुःख सांगण्याआधी तुम्ही दारू सुटल्याचं लिहिलंत. दारू सुटलेल्या घराचं मोल मला ठाऊक आहे. माझ्या थोरल्या भावाची सुटली नाही. तेवढ्या एका गोष्टीसाठी तुम्ही महाराजांपुढे वाकलात तर त्यात काही चूक नाही.

आता पाटल्यांकडे येते, पण आधी वडिलांची एक आठवण सांगू द्या. आम्ही पंचवटीत राहायचो. वडील शिवणकाम करत आणि त्र्यंबकेश्वरहून निघणाऱ्या निवृत्तीनाथांच्या पालखीसोबत दरवर्षी पंढरीला चालत जात. गल्लीत हरिनाम सप्ताह बसला की सातही दिवस वीणा जमिनीला टेकवायची नाही, म्हणून माणसांचे पहारे लागत. रात्री दोन ते चारचा पहारा कोणी घेत नसे, तो वडील घेत. चार वाजता त्यांच्या जागी एक पोरगा यायचा, जेमतेम वीस वर्षांचा. तोच आमच्याकडे दुधाचा रतीब घालायचा. वडील त्याच्या गळ्यात वीणा घालत आणि त्याच्या पाया पडत. तोही वडिलांच्या पडे. मी आठ-नऊ वर्षांची असेन, घोंगडी पांघरून तिथंच बसले होते. मी विचारलं, “दादा, तो तर आपला दूधवाला, तुम्ही त्याच्या पाया कशाला पडता?” वडील म्हणाले, “आत्ता तो वीणेला उभा आहे. सहाला वीणा उतरली की दुधाचा हिशेब विचारीन.” आणि खरंच विचारला. दूध न आलेले दोन दिवस वहीत लागले होते, ते त्यानं खोडले. रात्री पुन्हा वडील त्याच्या पाया पडले.

एकाच माणसापुढे वाकणं आणि त्याच माणसाला हिशेब विचारणं एका दिवसात बसतं, हे मी तिथं शिकले. वारकऱ्यांत कीर्तनकार वयानं लहान असला तरी म्हातारी माणसं त्याच्या पाया पडतात. तो मान नारदाच्या गादीचा असतो. कीर्तन संपवून बुवा पंगतीत बसले की तेही इतरांसारखेच.

शंका आली की साधना बुडाली, असं त्या काकांनी सांगितलं. गीतेच्या चौथ्या अध्यायातला चौतिसावा श्लोक त्यांना दाखवा. ज्ञान कसं मिळवायचं ते तिथं सांगितलंय, ‘तद्विद्धि प्रणिपातेन परिप्रश्नेन सेवया’. नमस्कार, प्रश्न आणि सेवा. प्रश्न या दोहोंच्या मधोमध बसवलाय, तो काढला तर वाक्यच मोडतं. आणि आपल्या नाशिककरांना गुरू कसा असतो हे बाहेरून कोणी शिकवायला नको. त्र्यंबकेश्वरी समाधी असलेले निवृत्तीनाथ हे ज्ञानेश्वरांचे थोरले भाऊ आणि गुरू. परंपरा सांगते, ज्ञानेश्वरी पूर्ण झाल्यावर त्यांनी धाकट्या भावाला म्हटलं, ही तर गीतेवरची टीका झाली, आता तुझं स्वतःचं लिही. त्यातून ‘अमृतानुभव’ आला. शिष्याला स्वतःच्या पायावर उभं करणारा तो गुरू. शिष्याच्या घरातल्या पाटल्यांवर नजर ठेवणारा कोण, हे मी तुम्हाला काय सांगू.

माझी एक मुस्लिम मैत्रीण आहे, आम्ही एका शाळेत पंचवीस वर्षं शिकवलं. तिच्याकडून मला एक गोष्ट कळली, ती मी कीर्तनातही सांगते. मशिदीत इमाम पुढे उभा राहतो, सगळे त्याच्या मागे. पण कुराण म्हणताना इमामाची आयत चुकली किंवा तो अडला, तर मागच्या रांगेतला कोणीही मोठ्यानं बरोबर शब्द म्हणतो. त्याला लुकमा देणं म्हणतात. इमाम रागावत नाही, तो शब्द घेतो आणि पुढे जातो. नमाजही चालू राहते आणि इमामाचा मानही जात नाही. जैनांचे मुनी चातुर्मासात एका जागी राहतात, तेव्हा श्रावक त्यांच्या दर्शनाला रांगा लावतात; पण मुनी पैशाला हात लावत नाहीत. आणि शिखांच्या गुरू गोविंदसिंगांनी तर १७०८ मध्ये आपल्या नांदेडला माणूस-गुरूंची परंपराच थांबवली आणि ग्रंथाला गुरू केलं. इतक्या तऱ्हांनी इतक्या समाजांनी एकाच धोक्यापासून बचाव शोधलाय. तो धोका तुमच्या घरी आलाय, म्हणून एवढं लांबण लावलं.

आता कामाचं. आईनं दिलेल्या पाटल्या हे तुमचं स्त्रीधन. कायद्यानं ते तुमचं एकटीचं आहे, नवऱ्याला ते परस्पर देता येत नाही. मठाची सार्वजनिक न्यास म्हणून नोंदणी असेल तर तिला नोंदणी क्रमांक असतो, आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० प्रमाणे जमा-खर्चाचा हिशेब ठेवावा लागतो. यजमानांना सोबत घेऊन विश्वस्तांकडे जा. भांडायला नको. “आमचं दान कुठल्या नावावर जमा झालं ते लिहून द्या,” एवढंच म्हणा. सरळ माणसं असतील तर दोन मिनिटांत पावती देतील, कदाचित तुमच्या पाटल्याही परत करतील. टाळाटाळ झाली तर नाशिकच्या धर्मादाय कार्यालयात अर्ज करता येतो. यजमानांना हे सांगताना दारूचा विषय मात्र काढू नका. ती सुटली ही त्यांच्या आयुष्यातली सर्वांत मोठी कमाई आहे, तिला धक्का लागता कामा नये.

मुलाला माझा निरोप द्या. बापाच्या तोंडावर ‘ढोंग’ म्हणणं सोपं असतं. त्यापेक्षा एका रविवारी बापाबरोबर जा, महाराज काय सांगतात ते पूर्ण ऐक, आणि उठून एक प्रश्न विचार. उत्तर कसं मिळतं त्यावरून तुझं तुलाच कळेल, आणि बापालाही.

मी हे इतक्या हट्टानं का लिहितेय तेही सांगते. एका सप्ताहाच्या समितीत मी सात वर्षं होते. शेवटची दोन वर्षं वर्गणीचा हिशेब फलकावर लागला नाही. बुवा मोठे, मी कीर्तनात नवी, म्हणून जीभ रेटली नाही. पुढे तीन घरांनी वर्गणी बंद केली, मग पंगतीला येणंही सोडलं. त्यांतली एक म्हातारी पुढं वारली. शेवटची काही वर्षं ती सप्ताहाला आलीच नाही. मी तेव्हा विचारलं असतं तर ती आली असती.

पुढच्या सिंहस्थाची घरात आत्तापासून चर्चा आहे. आखाड्यांच्या महंतांवर कोणाचा अधिकार चालतो का? — पंचवटीतील एक आजोबा

चालतो, आजोबा. आखाडे एकूण तेरा. त्यांतले वैष्णवांचे तीन, दिगंबर, निर्वाणी आणि निर्मोही, आपल्या रामकुंडावर स्नान करतात. बाकीचे दहा त्र्यंबकेश्वरला कुशावर्तावर. ‘पंचायती आखाडा महानिर्वाणी’ हे नाव नीट वाचा, पंचायत त्या नावातच आहे. ज्यांच्या पायाची धूळ घ्यायला आपण धावतो, त्या महंतांनाही आखाड्याच्या पंचांचं ऐकावं लागतं.

आमच्या घरात बुद्धांची आणि बाबासाहेबांची प्रतिमा आहे. रोज वंदना होते. कॉलेजातला मित्र म्हणाला, तुम्हीही व्यक्तिपूजाच करता. मला उत्तर देता आलं नाही. — वय १९, नाशिकरोड

बाळा, मित्राचा प्रश्न वाईट नाही, तो बाबासाहेबांचाच आहे. २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत ते बोलले, की धर्मातली भक्ती आत्म्याच्या मुक्तीचा मार्ग असू शकेल, पण राजकारणातली भक्ती किंवा विभूतिपूजा अधःपतनाकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते. बुद्धांनीही आपल्यामागे कोणाला गादीवर बसवलं नाही. आनंद या आपल्या शिष्याला सांगितलं की मी गेल्यावर धम्म आणि विनय, म्हणजे भिक्खूंचे नियम, हेच तुमचे शास्ते, तुमचे गुरू. तेव्हा प्रतिमा राहू दे, वंदनाही राहू दे, त्यात कृतज्ञता आहे. फक्त ते संविधान सभेतलं भाषण आधी स्वतः पूर्ण वाच, मग मित्राला वाचायला दे.

आणि एक काम कर. २ मार्च १९३० ला दलितांना मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, दादासाहेब गायकवाड त्यात पुढे होते. तो काही वर्षं चालला, आणि १३ ऑक्टोबर १९३५ ला आपल्याच जिल्ह्यातल्या येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. माझ्या वडिलांच्या गल्लीतून मंदिर चार पावलांवर होतं, पण त्या सत्याग्रहाबद्दल आमच्या घरात कोणी बोललं नाही. मला ते मोठेपणी, पुस्तकातून कळलं. तुझ्या घरी मात्र कोणी ना कोणी गेलेलं असेल. आजी असेल तर तिच्याजवळ बस, कोण गेलं होतं, किती दिवस, घरी चूल कशी चालली, ते विचार, आणि वहीत लिहून ठेव. जमलं तर त्यातलं एक पान मला पाठव.