होंडा सिटीचे १५ इंची अलॉय माझ्या स्विफ्टला बसतील का?

तुमची २०१३ ची स्विफ्ट व्हीडीआय आहे, १४ इंची लोखंडी रिमवाली, आणि ओळखीतला एकजण २०१५ च्या सिटीचे कंपनीचे १५ इंची अलॉय टायरसकट स्वस्तात देतोय, दोन्हीला चार-चार भोकं आहेत म्हणून घेऊ का असं विचारलंय. भोकं जुळतात आणि चाक चढतं पण. तरी हातात जे नट असतील ते ठोकून गाडी रस्त्यावर काढू नका प्लीज, का ते सांगतो, कारण खरी गडबड तिथंच आहे आणि टायरच्या दुकानात ती सहसा कोणी बोलत नाही.

आधी पीसीडी, म्हणजे सगळ्या भोकांच्या मधून जाणाऱ्या गोलाचा व्यास. दोन्ही गाड्यांचा ४ बाय १००, म्हणजे चार भोकं आणि १०० मिमी व्यास, तिथं पास. चार भोकांच्या रिमवर समोरासमोरच्या दोन भोकांचं सेंटर ते सेंटर अंतर मोजलं की झालं. पाच भोकांच्या रिमला समोरासमोर भोक नसतं, तिथं शेजारच्या दोन भोकांचं अंतर मोजून १.७ ने गुणायचं. आणि दोन मिलीमीटरने काय होतंय असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. फियाट पुंटोचा पीसीडी ४ बाय ९८ आहे, स्विफ्ट डिझेलचं इंजिन फियाटचंच त्यामुळे चाकंही चालत असतील असं काहींना वाटतं, पण तसं ओढून बसवलं की प्रत्येक स्टड (गाडीच्या बाजूचा बोल्ट, ज्यावर नट बसतो) एकेक मिलीमीटर वाकडा खेचला जातो.

मग मधलं मोठं भोक. स्विफ्टच्या हबला, म्हणजे ज्यावर चाक चढतं त्या मधल्या भागाला, ५४.१ मिमी लागतं, सिटीच्या रिमचं ५६.१ आहे. म्हणजे रिम हबवर टेकणारच नाही, नुसत्या नटांवर सेंटर होणार, आणि जरा इकडेतिकडे बसली की ८०-९० च्या स्पीडला स्टिअरिंग थरथरतं. यावर उपाय सोपा आहे, ५६.१ ते ५४.१ ची हब रिंग मिळते, नाहीतर चांगला लेथवाला ॲल्युमिनियमची करून देतो. उलट स्विफ्टची रिम सिटीला लावायची म्हटलं असतं तर ती हबवर चढलीच नसती.

आता नट. स्विफ्टचा स्टड १२ मिमीचा, आटे १.२५ चे, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर १.२५ मिमी. होंडाचा पण १२ चाच पण आटे १.५ चे, त्यामुळे सिटीचे नट तुमच्या स्टडवर एक-दोन आटे फिरून अडकणार आणि नट आवळायच्या गनने दाबले तर आटे गेलेच समजा. बरं मग स्विफ्टचेच नट लावू म्हणाल, तर होंडाच्या कंपनी अलॉयमध्ये नट बसायची जागा वाटीसारखी गोल असते आणि तुमच्या नटाचं तोंड सरळ उताराचं, कोनासारखं. बघायचं असेल तर नटाच्या उतारावर खडू घासा, हाताने घट्ट करा, काढून बघा, पूर्ण पट्टा पुसला जायला हवा, इथं बारीक एक रेघ पुसलेली दिसेल. एवढ्याशा रेघेवर सगळा ताण, त्यामुळे नट घट्ट वाटतो पण चालता चालता ढिला होतो. लक्षात ठेवायचं एवढंच, आटे गाडीच्या स्टडप्रमाणे आणि नटाचं तोंड रिमप्रमाणे. तुम्हाला १२ बाय १.२५ आट्यांचे गोल तोंडाचे १६ नट हातात मिळाले तरच व्यवहार करा, आधी पैसे देऊ नका.

नट मिळाले तर रिमच्या मागच्या बाजूला लिहिलेलं ईटी बघा, दोन्ही रिमचं. ईटी म्हणजे ऑफसेट, रिमची हबवर टेकणारी बाजू रिमच्या मधल्या रेषेपासून किती मिमी बाहेर आहे तो आकडा. सिटीच्या रिमचं ते १० ने कमी असेल तर चाक १० मिमी बाहेर येतं, जास्त असेल तर तेवढं आत शॉकॲब्सॉर्बरकडे जातं. रिम अर्धा इंच रुंद असली की दोन्हीकडे अजून सहा-सहा मिमी धरा. स्पेसर (हब आणि रिमच्या मधे घालायची चकती) घालून जमवू असं कोणी सुचवलं तर नको म्हणा.

टायरचं म्हणाल तर तुमचा १६५/८० आर १४ साधारण ६२० मिमी उंच, सिटीचा १७५/६५ आर १५ साधारण ६०९, म्हणजे गाडी पाच-सहा मिमी खाली बसणार आणि स्पीडोमीटर थोडा जास्त दाखवणार, एवढं चालतं. खड्ड्यांच्या रस्त्यावर रोज जात असाल तर मला ते आवडणार नाही.

खरं सांगू का, मी असतो तर त्याच पिढीच्या स्विफ्ट झेडडीआयचे १५ इंची अलॉय शोधले असते. १८५/६५ आर १५, उंची ६२१ म्हणजे जवळपास तुमच्याइतकीच, हब तोच, नट तेच, काहीच करायला नको. जुन्या अलॉयमध्ये ते मिळतात, फक्त रिम बॅलन्सिंग मशीनवर फिरवून बघा, वाकलेली असेल तर लगेच कळतं.

तरी सिटीचेच घेतले तर गाडी जॅकवर असताना नट बोटांनी लावा, नऊ-दहा फेरे सहज फिरले पाहिजेत, मग चाक हाताने फिरवून कॅलिपरला (ब्रेकच्या पकडीला) कुठं घासत नाही ना बघा, नंतर गाडी खाली घेऊन गाडीत चार माणसं बसवून स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवा. टॉर्क पान्याने मॅन्युअलमधल्या आकड्याला आवळा, ५०-१०० किलोमीटरनंतर परत एकदा. आणि स्टेपनी लोखंडी रिमचीच राहणार, तिला गोल तोंडाचे नट चालणार नाहीत, तर जुने चार नट पिशवीत घालून स्टेपनीच्या खोबणीतच ठेवा.