मे महिन्यात पुण्यात एकटाच आहे, मित्र सगळे गावी गेलेत. सुट्टीच्या दिवशी करायचं काय?

तू लिहिलंयस की वय 21, सांगलीहून दोन महिन्यांच्या इंटर्नशिपसाठी आलोय, रूमवरचे दोघंही गावी गेले, मॉल एकदा फिरून झाला आणि आता शनिवारी दुपारी पंख्याकडे बघत पडून राहतो. मी 24 वर्षांची, लातूरची. चार वर्षं सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहते. वयात फार अंतर नाही म्हणून अरे-तुरे करतेय, चालवून घे.

माझा पुण्यातला पहिला मे अगदी असाच गेला. परीक्षा होती म्हणून गावी जाता आलं नाही. अभ्यासिका अर्धी रिकामी, मेसवाल्या काकू पंधरा दिवस माहेरी, आणि सुट्टी असली की मी नऊला उठायचे, पोहे खायचे, कपडे धुवायचे आणि साडेअकराला ठरवायचे की चला, आज कुठेतरी जाऊ. साडेअकराला! मे महिन्यात त्या वेळी बाहेर पडलेल्या माणसाला दोनच गोष्टी दिसतात, पुढची सावली आणि पुढची रसवंती. संध्याकाळी डोकं धरून परत यायचे आणि म्हणायचे, या शहरात काही नाहीच.

तुझा प्रश्न 'कुठे जाऊ' असा आहे. मला विचारशील तर तो 'किती वाजता जाऊ' असा हवा. पारा चाळिशीला टेकला तरी इथे संध्याकाळी वारा सुटतो, रात्र बऱ्यापैकी निवते, पहाट तर चक्क गार असते. आमच्या लातुरात मे महिन्यात रात्री अकराला गच्चीवर पाणी मारलं तरी फरशी पाय भाजते, त्यामुळे मला ही चैनच वाटते. पुणेकरांना ती कळत नाही, ते उकाड्यावर बोलण्यात मग्न असतात.

तर पहाटेपासून सुरू करू. पाच वाजता उठ आणि वेताळ टेकडीवर जा. लॉ कॉलेजच्या मागून चढता येतं, एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेच्या रस्त्यानेही जाता येतं. शहरातली ही सगळ्यात उंच जागा, समुद्रसपाटीपासून साधारण 800 मीटर. मेमध्ये टेकडी दिसायला भकास असते हे आधीच सांगते. गवत वाळून पिवळं पडलेलं, गिरिपुष्पाच्या नुसत्या काड्या, कुठे वणव्याने काळा झालेला उतार. पण जुन्या दगडखाणीत पाणी साठलेलं असतं, त्यावर पक्षी येतात आणि मोर ओरडत असतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं कुणाचं तरी मांजर अडकलंय.

तिथे एक गोष्ट बघशील. लोक हातात पाच-पाच लिटरचे कॅन घेऊन चढत असतात. पावसाळ्यात लावलेली रोपं उन्हाळ्यात जगवायची म्हणून स्वतःच्या घरचं पाणी वर नेतात. मी सुरुवातीला नुसती बघायचे. मग एक दिवस एका आजोबांनी काही न बोलता त्यांच्या हातातला कॅन माझ्या हातात दिला, दम लागला होता त्यांना. रोपापर्यंत पोहोचल्यावर म्हणाले, "उद्या कोण आणणार?" मी म्हटलं, मी आणते. अशी अडकले. कडुनिंबाचं रोप होतं, माझ्या गुडघ्याएवढं. मला एकटं वाटणं थांबलं ते तिथे, कुठल्याही कॅफेत नाही. नावं फारशी कुणी विचारत नाही, पण चार दिवस गेला नाहीस तर पाचव्या दिवशी हटकतात जरूर.

टेकडी जमत नसेल तर पर्वती. 103 पायऱ्या, वर नानासाहेब पेशव्यांच्या काळातलं देऊळ, समोर सगळं शहर. 1817 मध्ये खडकीची लढाई दुसऱ्या बाजीरावाने इथून पाहिली असं सांगतात. आता उंच इमारतींच्या गर्दीत खडकीची दिशासुद्धा चटकन सापडत नाही, ते सोड. पायऱ्या सातच्या आत चढ. आठनंतर दगड तापायला लागतो आणि चपला तर देवळापाशी काढायच्याच असतात.

आता दुपार, म्हणजे तुझी खरी अडचण. माझा नियम असा, की दुपारी जाड भिंतीच्या किंवा दगडाच्या आत जायचं. जंगली महाराज रस्त्यावर पाताळेश्वर आहे, आठव्या शतकातलं लेणं, एकाच खडकात खोदलेलं आणि अर्धवट राहिलेलं. बाहेर रस्त्यावर हॉर्न वाजत असतात आणि आत खांबांच्या मधे पाय पसरून बसलं की पाठीला गारवा लागतो. समोरचा गोल नंदीमंडप बघ, असा गोल मंडप मी तरी दुसरीकडे पाहिलेला नाही. मी तिथे एका बैठकीत चाळीस पानं वाचली आहेत. अभ्यासिकेत कधी झाली नाहीत.

दुसरी जागा म्हणजे केळकर संग्रहालय, बाजीराव रस्त्याजवळ. तिकीट काढावं लागतं पण पैसे वसूल. दिनकर केळकर नावाचा एक माणूस, 'अज्ञातवासी' नावाने कविता करायचा, आयुष्यभर देशभर फिरून लोकांच्या घरातल्या जुन्या वस्तू गोळा करत राहिला. मुलगा लहानपणीच गेला, त्याच्या नावाने हे 'राजा दिनकर केळकर संग्रहालय'. तलवारी वगैरे आहेत, पण त्या कुठेही असतात. तू अडकित्ते बघ. सुपारी फोडायच्या साध्या हत्याराला कुणी मोराचा आकार दिलाय, कुणी घोड्याचा. दिवे बघ, पाय घासायच्या वज्र्या बघ. कोथरूडचा मस्तानी महाल उचलून आणून इथे पुन्हा उभा केलाय तोही बघ. तीन मजले घाईने फिरू नकोस. एका दुपारी एकच मजला कर.

आणि हे हसण्यासारखं वाटेल, पण मेट्रो. सप्टेंबर 2024 मध्ये सिव्हिल कोर्ट ते स्वारगेट हा भुयारी भाग सुरू झाला आणि दुपारी गारव्यात बसायची एक सोय झाली. स्वारगेटहून चढायचं, मंडई, कसबा पेठ, मग मुठा नदीच्या खालून सिव्हिल कोर्ट. तिथे सरकत्या जिन्यांनी वर यायला लागलं की कळतं आपण किती खोल होतो. मग वनाझकडे जाणारी गाडी पकडायची, ती नदीच्या कडेकडेने उंचावरून जाते. मेमध्ये रस्त्यांच्या कडेला गुलमोहर लालभडक झालेला असतो आणि बहावा पिवळाधमक. खालून चालताना आपण उन्हाला शिव्या देत असतो म्हणून वर बघत नाही. डब्यातून बघितलं की झाडांचे शेंडे डोळ्यांसमोर येतात.

परतीला मंडई स्टेशनला उतर. वर महात्मा फुले मंडईची 1886 मधली दगडी इमारत, तो अष्टकोनी मनोरा, आणि मेमध्ये आंब्याचा वास. इथे एक सल्ला, पेटी घेऊ नकोस, कच्चे दोन डझन घे. आम्ही तिघी मुलींनी मिळून गेल्या वर्षी कॉटखाली गवत पसरून आढी घातली होती. रोज रात्री उघडून बघायचं, पिकलेला वर काढायचा, डाग पडलेला लगेच खायचा. आठ दिवस खोलीला असा वास होता की घरमालकीणबाई काहीतरी कारण काढून दोनदा वर आल्या. दुसऱ्यांदा तीन आंबे घेऊन गेल्या. मोबदल्यात डब्यात आंबोळ्या आल्या, त्यामुळे तक्रार नाही. हापूसच हवा असा हट्ट करू नकोस, पायरी स्वस्त पडते आणि रसाला जास्त चांगली. महिनाअखेरीला केशर येतो, आमच्या मराठवाड्यातलाही येतो, तो आला की मला विचार.

मस्तानी, म्हणजे आइस्क्रीम घातलेलं दाट दुधाचं पेय, त्याबद्दल सगळे सांगतीलच. कुठली चांगली या भांडणात मी पडत नाही. एवढंच सांगते की आंबा मस्तानी जेवणानंतर पिऊ नकोस, जेवणाऐवजी पी.

पोहायला जावं असं वाटेल. तलावांच्या उन्हाळी बॅचा लवकर भरतात आणि संध्याकाळच्या वेळी पाण्यापेक्षा पोरं जास्त असतात. पहाटेची बॅच मिळाली तर घे, नाहीतर नाद सोड.

संध्याकाळ. इथे तू अजिबात विचार केला नसशील अशी गोष्ट सांगते. टिळक रस्त्यावरच्या टिळक स्मारक मंदिरात वसंत व्याख्यानमाला असते, साधारण 21 एप्रिल ते 20 मे, रोज एक व्याख्यान. न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 मध्ये सुरू केली. मी पहिल्यांदा गेले ती केवळ सभागृहात पंखे असतील म्हणून. विषय अर्थकारणाचा होता, निम्मं डोक्यावरून गेलं. पण बाजूला बसलेल्या आजींनी पिशवीतून आवळ्याची सुपारी काढून दिली आणि व्याख्यान संपल्यावर वक्त्याचं कुठे चुकलं हे मला फाटकापर्यंत येताना समजावून सांगितलं. ते व्याख्यानापेक्षा चांगलं होतं. श्रोत्यांत विशीतलं कुणी दिसलं की त्याला पुढची जागा मिळते, अनुभवाने सांगतेय. दहा दिवसांतला एखादा विषय तरी तुझ्या आवडीचा निघेलच. नाटक बघायचं असेल तर शनिवार पेठेतलं सुदर्शन रंगमंच बघ, छोटी जागा, नट दोन हातांवर.

सिंहगडाबद्दल मात्र माझा मूर्खपणा आधी ऐक. त्याच पहिल्या मेमध्ये मी आणि मैत्रीण रविवारी आरामात स्वारगेटहून बस पकडून पायथ्याला पोहोचलो तेव्हा साडेनऊ वाजले होते. दोघींत मिळून एक लिटर पाणी. अर्ध्या वाटेवर मला डोळ्यांसमोर अंधारी आली. वाटेत ताक विकणाऱ्या एका मावशींनी सावलीत बसवलं, मीठ घातलेलं ताक दिलं, आणि मग जे बोलल्या ते इथे लिहिण्यासारखं नाही. "घरी आई नाही का तुमच्या" हा त्यातला सौम्य भाग. वर न जाता उतरलो. आता जाते ती पहिल्या बसने किंवा कुणाच्या गाडीवर अंधारात निघून, माणशी दोन लिटर पाणी, डोक्याला रुमाल. वर पिठलं-भाकरी, मडक्यातलं दही, आणि साडेनऊला परतीच्या वाटेवर. त्या वेळी खालून वर येणारी माझ्यासारखी दिसतात. मी त्यांना ताकवाल्या मावशी दाखवून देते.

घराबाहेर न पडता करण्यासारखं एकच सांगते. 13 मे, दुपारी बारा वाजून एकतीस मिनिटं. त्या क्षणी पुण्यात सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि सरळ उभ्या वस्तूची सावली तिच्या पायाखाली गडप होते. वर्षातून दोनदाच होतं, दुसऱ्यांदा जुलैअखेर, पण तेव्हा ढग असतात. गच्चीवर जाऊन पाण्याचा स्टीलचा तांब्या सपाट जागी ठेव. आमच्या गच्चीवर गेल्या वर्षी अख्खा वाडा जमला होता, घरमालकीणबाईंनी वरवंटा आणला होता, कुणी वहाणांशिवाय आलं आणि एका पायावर नाचत होतं. दोन मिनिटांचा कार्यक्रम, पण त्या दिवसापासून जिन्यात सगळे थांबून बोलायला लागले.

महिनाअखेरीला एखाद्या दिवशी दुपारी चारलाच अंधारून येईल, धुळीचा लोट उठेल आणि वळीव येईल, कदाचित गाराही. भिजायला जा, पण गुलमोहराखाली उभा राहू नकोस, त्याच्या फांद्या ठिसूळ असतात. वीज जाईल, तेव्हा फोन आधी चार्ज करून ठेव. आणि तोपर्यंत टेकडीवर तुझं एखादं रोप ठरलं असेल तर दुसऱ्या दिवशी पहाटे रिकाम्या हाताने चढ, कॅनची गरज पडणार नाही.