इंग्रजीत ‘स्टेशनरी’ची दोन स्पेलिंग दिसतात. फरक काय?

शेवटी ई-आर-वाय असेल तर वह्या, कागद, लिफाफे; ए-आर-वाय असेल तर जागचं न हलणारं, स्थिर. उच्चार एकच, म्हणून तर दुकानांच्या पाट्यांवर ‘स्थिर अँड जनरल स्टोअर्स’ सर्रास सापडतं!

गंमत म्हणजे दोन्हींचं लॅटिन मूळ एकच. मध्ययुगीन युरोपात फेरीवाले गावोगाव हिंडत. एका जागी दुकान थाटून बसलेला, बहुधा विद्यापीठाजवळचा पुस्तकविक्रेता, तो ‘स्टेशनर’. पुढे त्याच्याकडच्या मालाला स्टेशनरी म्हणू लागले. ‘पेपर’ आणि ‘स्टेशनर’ दोन्ही ई-आरने संपतात, एवढं ध्यानात ठेवलं की झालं. फिजिक्सच्या उत्तरात स्टेशनरी वेव्ह लिहाल तेव्हा मात्र ए. स्पेलचेकवर फार विसंबू नका, त्याला दोन्ही बरोबरच वाटतात.