पाकटावरची जळू ‘नवी’ कशी ठरते?

प्रश्न: एका पाकटाच्या पोटाकडच्या बाजूला चार जळवा मिळाल्या. रंग कुठल्याच चित्राशी जुळत नाही. नवी जात म्हणून मांडता येईल का? एक थेट अल्कोहोलमध्ये टाकली, तिची आकसून गोळी झाली.

उत्तर: रंगावर भिस्त ठेवू नका. अल्कोहोलमध्ये तो उडतो, म्हणून जिवंतपणीच फोटो काढा, एवढंच. गोळी झालेली जळू मोजमापाच्या कामाची राहिली नाही. ती डीएनएसाठी ठेवा. तिच्या मागच्या चोषकाचा (चिकटायच्या वाटीचा) तुकडा ९५ टक्के इथेनॉलमध्ये घाला. पोटाकडचा भाग घेतलात तर आत पाकटाचं रक्त असतं आणि हाती येतो तो पाकटाचाच जनुकक्रम!

उरलेल्या तिघी आधी सुस्त करा. लिटरभर गोड्या पाण्यात ७३ ग्रॅम स्फटिकरूप मॅग्नेशियम क्लोराईड विरघळवा आणि त्यात तेवढंच समुद्राचं पाणी मिसळा. टोचलं तरी हलत नाही असं झालं की दोन काचपट्ट्यांमध्ये हलकेच सपाट धरून १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी धुऊन ७० टक्के इथेनॉलमध्ये. इथे घाई केली की अंगावरची वलयं एकमेकांत घुसतात, जननछिद्रं सुरकुत्यांत हरवतात, आणि नेमकं तेच तर मोजायचं असतं.

पाकटांवरच्या या जळवा सोंडेने रक्त पिणाऱ्या, पिसिकोलिडी कुळातल्या. अंगभर टेंगळं असली तर आधी पोंटोब्डेला प्रजाती (म्हणजे जवळच्या जातींचा गट) तपासा. तिच्यातली म्युरिकाटा ही जात वर्गीकरणशास्त्रज्ञ लिनियसने १७५८ सालीच नोंदवली आहे. कडांना पानांसारखे कल्ले दिसले तर ब्रँकेलिऑन. मग कल्ल्यांच्या जोड्या, नेत्रबिंदू, दोन जननछिद्रांमधली वलयं मोजा आणि त्या प्रजातीतल्या प्रत्येक ज्ञात जातीच्या मूळ वर्णनाशी ताडून पाहा. वृषणांच्या जोड्या बाहेरून दिसत नाहीत. त्यासाठी एकीचे पातळ छेद घ्यावेच लागतील. सर्वांत नीट राहिलेली मात्र अखंड ठेवा, ती होलोटाइप, म्हणजे नव्या नावाचा आधार ठरणारा एकमेव नमुना.

प्राणिनामकरणाच्या संहितेनुसार १९९९ नंतरच्या नव्या जातीसाठी नाव नवं असल्याचा स्पष्ट उल्लेख, होलोटाइपची निवड आणि तो कुठल्या संग्रहात ठेवला किंवा ठेवणार हे लिहिणं बंधनकारक आहे.

आणि पाकट कुठला? नुसतं ‘पाकट’ लिहून भागत नाही. त्याचे वरून आणि खालून फोटो काढा. शरीराची रुंदी आणि जळू नेमकी कुठे चिकटली होती (कल्ल्यांच्या फटी, तोंड की पोट) हे जळवांच्या बाटलीतच, पेन्सिलीने लिहिलेल्या चिठ्ठीवर टाका. बॉलपेनची शाई इथेनॉलमध्ये विरघळते.