मार्टिन्स लॉ आणि हॉलमधला गणपती: आमचं काय चुकलं

तुमची पोस्ट वाचली आणि पोटात तोच जुना गोळा आला. लेझर सेंटरचा (म्हणजे खेळ-करमणूक केंद्राचा) हॉल, साडेचारशे-पाचशे माणसं, आणि कमिटीत कुणीतरी 'मार्टिन्स लॉ'चं, म्हणजे सार्वजनिक जागी दहशतवादी हल्ला झाला तर लोकांना वाचवायची तयारी ठेवायला सांगणाऱ्या ब्रिटनमधल्या नव्या कायद्याचं, नाव काढून सगळ्यांना घाबरवून सोडलंय. गार्ड लावा, मेटल डिटेक्टर आणा, नाहीतर १ कोटी ८० लाख पौंड दंड! म्हणून यंदा गणपती कुणाच्या तरी घरीच बसवावा का, असं विचारताय. अजिबात नको. एवढ्यासाठी सार्वजनिक गणपती बंद करायचा नसतो.

आधीच सांगते, मी वकील नाही. इंग्लंडमधल्या एका मध्यम आकाराच्या मंडळात बरीच वर्षं कार्यकर्त्यांची जबाबदारी सांभाळते, एवढीच माझी पात्रता.

कायद्याचं थोडक्यात उरकते. ३ एप्रिल २०२५ ला त्याला राजमान्यता मिळाली आणि तयारीला निदान २४ महिने दिलेत, म्हणजे एप्रिल २०२७ च्या आधी तो लागू होत नाही. एका वेळी २०० ते ७९९ माणसं अपेक्षित असतील अशी जागा खालच्या गटात येते. यात कार्यकर्ते, स्वयंपाकवाले, साउंडवाला सगळे मोजायचे. ८०० च्या वर वरचा गट. तो १ कोटी ८० लाखांचा आकडा वरच्या गटाचा आहे, खालच्या गटात कमाल दंड १० हजार पौंड. देवळं आणि शाळा ८०० च्या वर गेल्या तरी खालच्याच गटात राहतात. आणि खालच्या गटाला गार्ड, कॅमेरे, डिटेक्टर यातलं काहीही विकत घ्यायची सक्ती नाही. एसआयएला, म्हणजे बाउन्सरना लायसन्स देणारी तीच संस्था, जागेची माहिती कळवायची आणि चार गोष्टी ठरवून ठेवायच्या: लोकांना बाहेर कसं काढायचं, बाहेर धोका असेल तर आत सुरक्षित कुठे न्यायचं, दारं कशी बंद करायची, आणि हे सगळं लोकांच्या कानावर कसं घालायचं.

जबाबदारी ज्याच्याकडे जागेचा ताबा त्याची. तुम्ही चार तासांसाठी हॉल भाड्याने घेतलात तर माझ्या समजुतीप्रमाणे ती बहुतेक हॉलवाल्यांकडेच राहते. उद्या मैदान घेऊन मांडव टाकलात, तिकिटं लावलीत आणि ८०० च्या वर माणसं आली, तर चित्र पालटतं. पण हे 'बहुतेक' कागदावर उतरवून घ्या. आमचं घोडं तिथेच पेंड खात होतं.

कोविडच्या आधीची गोष्ट. हा कायदा तेव्हा नव्हता. बुकिंग ऑफिसला मी तीन वेळा ईमेल केली: तुमचा इव्हॅक्युएशन प्लॅन पाठवता का? पहिलं उत्तर, ती आयोजकांची जबाबदारी. दुसरं उत्तर, तुमचा रिस्क असेसमेंट फॉर्म अजून आलेला नाही. तिसऱ्या ईमेलला उत्तरच नाही. मग आम्ही काय केलं? आदल्या वर्षीचा फॉर्म काढला, तारीख बदलली, सही ठोकली. (सही माझी. अजून लाज वाटते.) त्यांना वाटत होतं प्लॅन आमच्याकडे आहे, आम्हाला वाटत होतं त्यांच्याकडे आहे. प्लॅन कुणाकडेच नव्हता.

दुसऱ्या दिवशी आरती झाली, महाप्रसादाची रांग लागली, आणि एका कार्यकर्त्याला स्पीकरच्या मागे काळी सॅक दिसली. कुणाची? कुणाचीच नाही. मी दादरची. 'बेवारस वस्तूला हात लावू नका' हे लोकलच्या घोषणांतून ऐकत मोठी झालेली. १३ जुलै २०११ ला दादरला स्फोट झाला तेव्हा आई भाजी आणायला बाहेर पडली होती. पुण्यात जर्मन बेकरीत १३ फेब्रुवारी २०१० ला सोडून दिलेल्या बॅगेनेच १७ माणसं गेली. हे सगळं डोक्यात एकदम उसळलं आणि मी माईक हातात घेतला. "एक बॅग सापडली आहे, सर्वांनी शांतपणे बाहेर पडा."

शांतपणे कोण पडतंय! स्पीकर कुठे होता, तर मुख्य दाराशेजारी. म्हणजे पावणेचारशे माणसं मी स्वतः त्या बॅगेच्या शेजारून बाहेर काढली. मागे दुसरं दार होतं, पण त्याच्यासमोर आम्हीच महाप्रसादाची टेबलं लावलेली, आणि पलीकडच्या शटरची किल्ली केअरटेकरकडे, जो शनिवारी चारला घरी जायचा. मुख्य दाराबाहेर चपलांचा ढीग. त्या ढिगावरून घसरून एका काकूंचं मनगट मोडलं. बाहेर पाऊस, निम्मी माणसं अनवाणी, आणि सगळी जमली कुठे, तर आगीच्या वेळी जमायच्या जागी, हॉलपासून चाळीस पावलांवर, काचेच्या भल्यामोठ्या दर्शनी भिंतीसमोर. छोट्या बॅगेसाठीसुद्धा निदान १०० मीटर लांब जायचं असतं आणि सुटकेस असेल तर २००, हे मला नंतर कळलं. आगीची जागा आणि बॅगेची जागा वेगवेगळी हवी, एवढं एक वाक्य मला त्या ऑफिसातून कुणी सांगितलं असतं तरी पुरलं असतं.

आणि वरच्या मजल्यावर नाचासाठी मेकअप करून बसलेली अकरा मुलं. त्यांची आठवण चौदाव्या मिनिटाला झाली. एका आईने विचारलं म्हणून.

सॅक ढोलपथकातल्या पोराची निघाली. टॉवेल, ताशाच्या काड्या आणि दोन केळी. लोक हसले, मला हसू आलं नाही. तीन कुटुंबं पुन्हा मंडळात आली नाहीत. हॉलवाल्यांनी डिपॉझिट ठेवून घेतलं, आणि पत्रात कारण काय, तर 'आयोजकांनी ठरलेल्या पद्धतीचे पालन केले नाही'. कुठली ठरलेली पद्धत? असो. यावर मी पुन्हा लिहायला लागले तर रात्र जाईल.

मला जे उमगलं ते असं, की प्रश्न गार्डचा नसतो. ठरवणार कोण, किल्ली कुणाकडे आणि माणसं कुठल्या बाजूला न्यायची, हे तीन नसतील तर दहा गार्डही चपलांवरूनच घसरतील. मँचेस्टर अरीनात, गाण्याच्या कार्यक्रमाच्या वेळी, २२ मे २०१७ ला बॉम्बस्फोटात २२ जण गेले. हा कायदा ज्याच्या नावाने ओळखला जातो तो मार्टिन हेट त्यांतलाच एक, आणि त्याच्या आईने, फिगेन मरे यांनी, वर्षानुवर्षं पाठपुरावा करून तो करून घेतला. स्फोट झाला तो कार्यक्रम संपून लोक बाहेर पडताना, बाहेरच्या दालनात. मोठी बॅग घेऊन बसलेल्या हल्लेखोराबद्दलचा संशय सुमारे पाव तास आधी एका पालकाने कर्मचाऱ्याला बोलून दाखवला होता. तो कंट्रोल रूमपर्यंत पोचलाच नाही. माणसं होती, रेडिओ होते. पोचलं नाही. चौकशी अहवालाचा पहिला खंड जमलं तर वाचा, पानं खूप आहेत पण डोळे उघडतात.

आता आम्ही काय करतो ते सांगते, पटेल ते घ्या. त्या दिवसापुरता निर्णय घेणारा एकच माणूस, आणि तो आरतीला पुढे उभा राहत नाही. (अध्यक्षांना हे पटवायला एक वर्ष गेलं.) माईकशेजारी दोन घोषणा लिहून चिकटवलेल्या, मराठीत आणि इंग्रजीत, कारण आजीआजोबांना एक कळते आणि सुनाजावयांना दुसरी. बॅग दिसली तर आधी 'हॉट' (हिडन, ऑब्व्हियसली सस्पिशस, टिपिकल यांची आद्याक्षरं) तपासायचं: मुद्दाम लपवलेली आहे का, उघड संशयास्पद आहे का, की अशा ठिकाणी नेहमी दिसणारीच आहे? आपल्याकडे नेहमी दिसणाऱ्याच फार असतात. म्हणून पथकाच्या बॅगा आता एका खोलीत, नावाच्या चिठ्ठीसह. ही खबरदारी आधी घेतली असती तर त्या काकूंचं मनगट शाबूत राहिलं असतं. आणि खरोखर संशय आला तर त्या बॅगेजवळ, १५ मीटरच्या आत, मोबाइल किंवा वॉकीटॉकी वापरायची नाही. आधी लांब जा, मग ९९९ (इथला पोलिसांचा तातडीचा नंबर).

ढोल-ताशा आत वाजवत असाल तर अलार्म कुणालाही ऐकू येत नाही, हे कुठल्याच फॉर्मवर लिहिलेलं नसतं. एकाने हात वर केला की पथकाने थांबायचं, हे पथकप्रमुखाशी आधीच बोलून ठेवा.

दारावर बॅगा उपसत बसू नका, असं माझं स्पष्ट मत. इतरांचं वेगळं असू शकेल. दारात दोन बोलक्या मावश्या उभ्या करा. "या, कुठून आलात, कुणाबरोबर?" एवढ्या चौकशीतून कुणी सुटत नाही, आणि पाहुण्यालाही बरं वाटतं. प्रोटेक्टयूके या दहशतवादविरोधी सुरक्षेच्या ब्रिटिश वेबसाइटवरचं मोफत ऑनलाइन प्रशिक्षण त्यांच्याकडून करून घ्या, फार वेळ लागत नाही.

आणि कन्सल्टंटला पैसे देऊ नका. त्या प्रकारानंतर घाबरून आम्ही दिले होते. साठ पानी फाइल आली. तिच्या एकविसाव्या पानावर 'पाहुण्या संघाच्या समर्थकांचे प्रवेशद्वार' होतं. आमच्या गणपतीला कुठला पाहुणा संघ येणार?

हॉलवाल्यांना मात्र आजच ईमेल करा, ऑगस्टात ही ऑफिसं निम्मी सुट्टीवर असतात. प्लॅनची प्रत मागा, जबाबदार माणूस कोण ते नावानिशी विचारा, आणि मागच्या शटरची किल्ली कार्यक्रम संपेपर्यंत इमारतीतच राहील असं लेखी घ्या. उत्तर नाही आलं तर तिसऱ्या ईमेलची वाट बघू नका, जाऊन उभ्या राहा. आणि चपलांसाठी बाजूची खोली मागून घ्या.